मागच्या वेळी कोणता शब्द होता? जपान शेजाऱ्यांशी काय बोलतो ते वाचण्याची रीत

सप्टेंबर 2012 ची गोष्ट. जपान सरकारने, ज्यांवर चीनही हक्क सांगतो त्या सेन्काकू बेटांपैकी तीन बेटं खासगी मालकाकडून 2.05 अब्ज येनला विकत घेतली आणि चीनमधल्या शहरांत जपानी दुकानांवर, गाड्यांवर जमाव चालून गेले. त्या आठवड्यात एका मराठी नियतकालिकाने माझ्याकडून टोकियोच्या निवेदनांचे अनुवाद मागवले. एका निवेदनात ‘इकान’ हा शब्द होता. कोश उघडला, अर्थ ‘खेद’. मी लिहिलं, ‘जपानने खेद व्यक्त केला आहे.’ मजकूर छापून आला तो ‘जपानची दिलगिरी’ अशा मथळ्याखाली. खरं तर जपान चीनला जाब विचारत होता. चूक माझी होती. मराठीत खेद व्यक्त करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या वागण्याबद्दल बोलत असतो, हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून एक लांबलचक खतावणी आणली आणि चार रकाने पाडले. तारीख, कोण बोललं, आताचा शब्द, मागच्या वेळचा शब्द. दिवसा मी कारखान्यांची जपानी कागदपत्रं मराठीत-इंग्रजीत आणते, शनिवार-रविवार जपानी शिकवते. खतावणी रात्री, जेवणं झाल्यावर. सध्या तिसरी चालू आहे. जपान, चीन, कोरिया यांच्या बातम्या वाचायची माझी सगळी रीत त्या चौथ्या रकान्यात आहे. जपानी येत नसलं तरी ती जमते, कारण जपानचं परराष्ट्र खातं बरंचसं इंग्रजीतही देतं. थोडं जपानी येत असेल तर उत्तमच.

शब्दांच्या पायऱ्या

पहिलं काम म्हणजे निषेधाच्या पायऱ्या पाठ करणं. सगळ्यात खालची ‘चूशी’, म्हणजे लक्ष ठेवून आहोत. मग ‘केनेन’, चिंता. तिच्या मागे ‘शिन्कोकु ना’ लागलं की गंभीर चिंता. त्यानंतर आपला ‘इकान’. याला मी आता ‘हे व्हायला नको होतं’ असं वाचते, कारण हा शब्द स्वतःच्या चुकीलाही लागतो आणि दुसऱ्याच्याही. कुणी कुणाबद्दल म्हटलं ते पाहिल्याशिवाय तो मराठीत आणूच नये. ‘किवामेते इकान’ झालं की आवाज चढला. मग ‘कोगी’, रीतसर निषेध. आणि सगळ्यात वर ‘हिनान’, धिक्कार. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांबद्दल हा वरचा शब्द नेहमी दिसतो, म्हणून तिथे तो वाचून दचकू नका. तोच शब्द चीनबद्दल आला तर मात्र पान दुमडून ठेवा.

शब्दाइतकंच कोण बोललं ते महत्त्वाचं. जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव कामाच्या दिवशी सहसा सकाळी आणि दुपारी अशा दोन पत्रकार परिषदा घेतात. रोजचं बोलणं तिथलं. त्यापलीकडे निषेध कुणी कुणाकडे नोंदवला ते बघा. खात्याच्या विभागप्रमुखाने दूतावासातल्या अधिकाऱ्याला फोन केला, की उपमंत्र्याने राजदूताला बोलावून घेतलं? घरात भांडण झालं तर निरोप धाकट्याकरवी येतो की मोठे काका स्वतः दारात उभे राहतात, यावरून आपल्याला कळतंच ना.

माफीचे तीन शब्द

इथे जरा थांबायला हवं, कारण शेजाऱ्यांशी जपानचं सगळं नातं या तीन शब्दांवर अडतं आणि सुटतं.

‘मेइवाकु’ म्हणजे दुसऱ्याला झालेला त्रास. जपानमध्ये गाडी उशिरा आली की फलाटावर हाच शब्द ऐकू येतो. ‘हान्सेइ’ म्हणजे झालेल्या चुकीकडे मागे वळून पाहणं, पश्चात्तापासह. शाळेतल्या मुलालाही हान्सेइ करायला सांगतात आणि सदोष माल निघाला तर कारखान्यातही हान्सेइची बैठक बसते. ‘ओवाबी’ म्हणजे माफी मागणं, समोरच्यापुढे.

25 सप्टेंबर 1972. पंतप्रधान काकुएई तानाका बीजिंगला गेले होते, दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जोडायला. रात्रीच्या मेजवानीत भाषण करताना युद्धाबद्दल ते म्हणाले, चिनी जनतेला आमच्यामुळे ‘तादाई नो गोमेइवाकु’, म्हणजे फार मोठा त्रास, झाला. जपानी कानाला हे वाक्य तसं विनम्र आहे. दुभाष्याने चिनीत शब्द वापरला ‘माफान’, म्हणजे किरकोळ गैरसोय. सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या बैठकीत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सुनावलं, की बाईच्या झग्यावर चुकून पाणी सांडलं तर आम्ही माफान म्हणतो, लाखो माणसं मेली त्यासाठी नाही. मी व्यवसायाने अनुवादक, त्यामुळे त्या मेजवानीतल्या दुभाष्याच्या जागी स्वतःला बसवून मी हा प्रसंग अनेकदा मनात चालवला आहे. एका शब्दाने जवळजवळ सगळं मोडलं असतं. दोन दिवसांनी तानाका माओंना भेटले, माओंनी त्यांना ‘छू त्सी’ या प्राचीन काव्यसंग्रहाची सटीक प्रत भेट दिली आणि 29 तारखेच्या संयुक्त निवेदनात मेइवाकुच्या जागी आलं ते ‘जबाबदारीची तीव्र जाणीव’ आणि ‘खोल हान्सेइ’. तिसरा शब्द, ओवाबी, त्या कागदावर नाही.

मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पंतप्रधानांच्या निवेदनात तो यायला आणखी तेवीस वर्षं लागली. 15 ऑगस्ट 1995 ला पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी वसाहती राजवट आणि आक्रमण ही नावं घेऊन ‘तीव्र हान्सेइ’ आणि ‘मनापासून ओवाबी’ असं दोन्ही म्हटलं. त्यापुढची सगळी निवेदनं याच मापाने मोजली जातात. ऑक्टोबर 1998 मध्ये जपानचे पंतप्रधान केइझो ओबुची आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्या संयुक्त जाहीरनाम्यात हे दोन्ही शब्द कोरियाला उद्देशून लिहून दिले गेले. पुढच्याच महिन्यात चीनचे राष्ट्राध्यक्ष च्यांग चमिन टोकियोला आले. त्यांच्याबरोबरच्या जाहीरनाम्यात हान्सेइ लिहिलं गेलं, ओवाबी तोंडीच राहिली. एका शेजाऱ्याला कागदावर आणि दुसऱ्याला फक्त बोलून. चीनची नाराजी लपली नाही, आणि मला ती समजते.

आता शब्द ओळखता आले, तर क्रियापदाकडे चला. मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे. जपानीतही क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, तेव्हा शेवटपर्यंत थांबायची आपल्याला सवय असते. मुरायामांचं वाक्य ‘मी … व्यक्त करतो’ असं संपतं. 14 ऑगस्ट 2015 ला पंतप्रधान शिन्झो आबे यांनी युद्धाच्या सत्तरीनिमित्त निवेदन दिलं, त्यात आक्रमण, वसाहती राजवट, हान्सेइ, ओवाबी असे चारही शब्द आहेत. म्हणून काही बातम्यांनी ‘आबेंनी माफी मागितली’ असं लिहिलं. पण शेवट वाचा. ‘आपला देश वारंवार … व्यक्त करत आला आहे’, आणि आधीच्या मंत्रिमंडळांची ही भूमिका पुढेही अढळ राहील. कर्ता ‘मी’ नाही, देश आहे. काळ मागे पसरलेला आहे. त्याच निवेदनात, युद्धाशी काही संबंध नसलेल्या पुढच्या पिढ्यांवर माफी मागत राहण्याचं ओझं येऊ देऊ नये, असंही आहे. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि मुलांना फक्त क्रियापदाखाली रेघ मारायला सांगते.

या शब्दांची माझ्या खतावणीतली एक अलीकडची नोंद 15 ऑगस्ट 2025 ची आहे. टोकियोच्या बुदोकान सभागृहातल्या स्मृतिसभेत पंतप्रधान शिगेरु इशिबा ‘हान्सेइ’ म्हणाले. पंतप्रधानांच्या त्या भाषणात हा शब्द 13 वर्षांनी परतला. चौथ्या रकान्यात माझ्याकडे 2012 होतं, म्हणून भाषण ऐकताना हातातलं भांडं खाली ठेवून वहीकडे गेले.

कोरिया आणि एक अव्यय

22 जून 1965 चा जपान-दक्षिण कोरिया करार वाचायचा असेल तर दुसरं कलम उघडा. 22 ऑगस्ट 1910 पर्यंत, म्हणजे जपानने कोरिया आपल्यात सामील करून घेण्याचा करार झाला त्या दिवसापर्यंत, दोन्ही साम्राज्यांत झालेले सगळे करार ‘मोहाया मुको’ आहेत, असं तिथे म्हटलं आहे. ‘मुको’ म्हणजे रद्दबातल. सगळा जीव आहे ‘मोहाया’त. मराठीत तो ‘एव्हाना’. जपान म्हणतं, करार तेव्हा वैध होते, एव्हाना रद्द झाले आहेत, म्हणजे 1948 मध्ये कोरियाचं प्रजासत्ताक उभं राहिलं तेव्हा. कोरिया म्हणतो, ते मुळातच रद्द होते, बळजबरीचा करार करारच नव्हे. दोघांनी सही केली, कारण दोघांना आपापला अर्थ त्याच शब्दात ठेवता आला.

हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या करारात जपानने 30 कोटी डॉलरचं अनुदान आणि 20 कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि दोन्ही देशांचे दावे ‘पूर्णपणे आणि अंतिमतः’ मिटले असं लिहिलं गेलं. 30 ऑक्टोबर 2018 ला कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राजवटच बेकायदा होती, तेव्हा सक्तीने राबवलेल्या कामगारांचा भरपाईचा हक्क त्या करारात मिटलेला नाही. म्हणजे वाद फिरून ‘एव्हाना’पाशीच आला. पुढच्या जुलैत जपानने चिप बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांच्या कोरियाला होणाऱ्या निर्यातीवर निर्बंध आणले. मार्च 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी कोरियाच्याच संस्थेकरवी भरपाई द्यायचा मार्ग काढला आणि ते टोकियोला आले, तेव्हा कुठे गाठ सैल झाली.

त्या कामगारांना कोण काय म्हणतं तेही टिपा. जपान सरकार ‘कोरियन द्वीपकल्पातून आलेले पूर्वीचे कामगार’ म्हणतं, कोरिया ‘सक्तीच्या भरतीचे बळी’. फुकुशिमाचं पाणी 24 ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडायला लागले तेव्हा जपानसाठी ते ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ होतं आणि चीनसाठी ‘अणुदूषित पाणी’. नाव वाचलं की बातमी कुठल्या अंगणातून आली ते कळतं. माझा एक विद्यार्थी तिकडे नोकरीला लागला. जेवणाच्या सुट्टीत कोरियन सहकाऱ्यासमोर तो सहज ‘ताकेशिमा’ म्हणून गेला आणि टेबलावर शांतता पसरली. त्याने पुस्तकातला शब्द वापरला होता, एवढंच. कोरियन माणसासाठी ते बेट दोक्दो आहे.

बेटांची बातमी

इथे रीत सोपी आहे. बेट कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. सेन्काकू जपानच्या ताब्यात आहेत, चीन त्यांना त्यावयू म्हणतो, तैवानही हक्क सांगतो. तिथे जपानचं म्हणणं ठाम, ‘प्रादेशिक वाद अस्तित्वातच नाही.’ ताकेशिमा कोरियाच्या ताब्यात. तिथे हेच वाक्य कोरिया म्हणतो, आणि जपान 1954, 1962 आणि 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ या असं सुचवून बसला आहे. ज्याच्या हाती बेट, त्याच्या मते वाद नाही. हे एकदा ध्यानात आलं की दोन्हीकडची निवेदनं निम्मी आधीच कळतात.

रशियाकडे असलेल्या चार बेटांसाठी परराष्ट्र खात्याचं वार्षिक ‘गाइको सेइशो’, निळं पुस्तक, पुरेसं आहे. ते 1957 पासून निघतं, हल्ली बहुधा एप्रिलमध्ये. रशियाशी बोलणी चालू होती तेव्हा त्यातली भाषा मऊ होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि 2022 च्या आवृत्तीत ‘बेकायदा कब्जा’ हे शब्द 2003 नंतर पहिल्यांदा परतले.

याच पुस्तकात दक्षिण कोरियाचं वर्णन वर्षावर्षाला लावून बघा. मला वाटतं शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला पाठ नाही. 2014 मध्ये ‘मूलभूत मूल्यं समान असलेला’ देश. 2015 मध्ये मूल्यं गेली, ‘सर्वांत महत्त्वाचा शेजारी’ उरला. 2018 मध्ये तेही गेलं. 2020 मध्ये ‘महत्त्वाचा शेजारी’ परत आला, ‘सर्वांत’ वगळून. 2024 मध्ये ‘भागीदार’, 14 वर्षांनी. चीनबाबत असाच शब्द आहे ‘परस्पर हिताचे धोरणात्मक संबंध’. 2006 मध्ये आबे बीजिंगला गेले तेव्हाचा हा शब्द, 2008 च्या संयुक्त निवेदनात पक्का झाला, मग पुस्तकातून नाहीसा झाला आणि 2024 मध्ये पाच वर्षांनी परत आला.

दोन वृत्तांत शेजारी ठेवा

भेट झाली की दोन्ही बाजू आपापला वृत्तांत काढतात. दोन्ही मिळवा, शेजारी ठेवा, आणि एकात असलेलं दुसऱ्यात कुठे नाही ते शोधा. मार्च 2025 मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी टोकियोला येऊन इशिबांना भेटले. चीनच्या वृत्तांतात होतं, की इशिबांनी चीनने मांडलेल्या भूमिकांचा आदर असल्याचं सांगितलं. जपानने, असं ते बोललेच नाहीत, म्हणून निषेध नोंदवला आणि तो मजकूर काढायला सांगितलं.

‘आदर’ या शब्दावर इतकं का? उत्तर पुन्हा 1972 मध्ये. तैवान आपला अविभाज्य भाग असल्याचं चीनने त्या निवेदनात म्हटलं, आणि जपानने त्यापुढे लिहिलं, की ही भूमिका आम्ही ‘पूर्णपणे समजून घेतो आणि तिचा आदर करतो’. मराठीत बघा, एखाद्याच्या म्हणण्याचा मान ठेवणं वेगळं आणि ते मान्य करणं वेगळं. बीजिंगचं सरकार हेच चीनचं एकमेव वैध सरकार, हे जपानने मान्य केलं. तैवानबद्दल मान ठेवला. म्हणूनच तैपेईत जपानचा दूतावास नाही, ‘जपान-तैवान आदानप्रदान संघ’ आहे, आणि काम दूतावासासारखंच चालतं. नोव्हेंबर 2025 मध्ये पंतप्रधान सानाए ताकाइची संसदेत म्हणाल्या, की तैवानवरचं संकट जपानच्या अस्तित्वाला धोका ठरणारी परिस्थिती बनू शकतं. चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितलं. टोकियो मात्र एकच उत्तर देत राहिलं, 1972 च्या निवेदनातली भूमिका बदललेली नाही.

त्याच दिवसांत बीजिंगमधलं एक चित्रण जगभर फिरलं. चिनी अधिकारी खिशात हात घालून उभा आणि शेजारी जपानच्या आशिया विभागाचा प्रमुख मान झुकवून. ‘जपान झुकला’ असे मथळे आले. मी ते चार वेळा पाहिलं. जपानी प्रमुखाच्या बाजूला दुभाषी आहे. दुभाष्याचं बोलणं ऐकायला मान अशीच कलते, माझ्यासमोर कित्येक साहेबांची कलली आहे. चित्र वाचतानाही आधी दुभाषी कुठे आहे ते शोधा.

यासुकुनी

टोकियोतल्या या देवस्थानात जपानसाठी युद्धात मेलेल्या 24 लाखांहून अधिक जणांच्या आत्म्यांची प्रतिष्ठापना आहे. 1978 मध्ये त्यांत ‘अ’ वर्गाच्या 14 युद्धगुन्हेगारांची भर पडली. बातमीत तीन गोष्टी पाहा. पंतप्रधान स्वतः गेले का? पंतप्रधान असताना शेवटचे स्वतः गेले ते आबे, 26 डिसेंबर 2013 ला, त्यानंतर माझ्या वहीत दुसरी नोंद नाही. नाही गेले तर काय पाठवलं? वसंत आणि शरद उत्सवाला ‘मासाकाकी’, देवापुढची पवित्र फांदी, पाठवतात, आणि 15 ऑगस्टला ‘तामागुशी’ची दक्षिणा. आणि कुठल्या नात्याने? अलीकडच्या वर्षांत फांदी पंतप्रधान या नावाने जात होती, दक्षिणा पक्षाध्यक्ष म्हणून, स्वतःच्या खिशातून. सोल आणि बीजिंगची प्रतिक्रिया याच क्रमाने तीव्र किंवा सौम्य होते.

उत्तर कोरियासाठी एकच कागद जवळ ठेवा, 17 सप्टेंबर 2002 चा प्योंगयांग जाहीरनामा. जपानचे पंतप्रधान जुनिइचिरो कोइझुमी आणि उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-इल यांनी सही केलेला. उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या जपानी नागरिकांपैकी पाच जण त्या ऑक्टोबरात परतले. सरकारने अधिकृतपणे मानलेली संख्या 17 आहे. न परतलेल्यांचे वृद्ध आईवडील एकेक करून जात राहिले, त्यामुळे ही नोंद करताना माझा हात जड होतो.

सुरुवात कधी करायची? 7 फेब्रुवारीला ‘उत्तरेकडील भूप्रदेश दिन’ असतो, रशियाकडच्या बेटांचा. 22 फेब्रुवारीला शिमाने प्रांताचा ‘ताकेशिमा दिन’, त्या दिवशी टोकियोहून कोण जातं, मंत्री की त्याच्या हाताखालचा, ते बघायचं. एप्रिलात निळं पुस्तक आणि यासुकुनीचा वसंतोत्सव. 15 ऑगस्टला बुदोकानचं भाषण, जपानी वेळेप्रमाणे बाराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. पहिल्या वर्षी चौथा रकाना रिकामा राहील. त्यासाठी मागच्या वर्षीचं भाषण शोधून आधी ते उतरवून काढा, पेनाने, आणि क्रियापदांखाली रेघ मारा.